गृहकर्जाचे दर ऑनलाइन ताडून पाहताना पॅन आणि मोबाइल नंबर द्यावा का?

निगडीकर
पुण्यात रीसेलचा फ्लॅट घ्यायचा आहे. कर्ज ४० लाख, मुदत २० वर्षं, नोकरी पगारदार. तुलना करून देणाऱ्या साइट पहिल्याच पानावर पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल मागतात. ओटीपी टाकल्यावर नेमकं काय होतं? पाच ठिकाणी चौकशी केली तर सिबिल स्कोअर घसरतो का?

हिशेबनीस
ओटीपी टाकणं म्हणजे संमतीपत्रावर सही करणं. बटणाखालचा बारीक मजकूर उघडून वाचा. त्यात बहुधा दोन परवानग्या असतात: तुमचा क्रेडिट रिपोर्ट (कर्जफेडीचा इतिहास) मागवायची, आणि नंबर जाहिरातींचे फोन रोखणाऱ्या डीएनडी यादीत असला तरी 'भागीदार कंपन्यांनी' फोन करायची. दुसरीवरची खूण काढता येत नसेल तर ती साइट सोडून द्या.

स्कोअरचं म्हणाल तर, तुमचा रिपोर्ट तुम्हीच पाहिलात तर स्कोअर हलत नाही. बँकेने कर्जाच्या अर्जावरून मागवला की हार्ड एन्क्वायरी नोंदली जाते आणि ती पुढच्या बँकेला दिसते. थोड्या दिवसांत अशा पाच-सहा नोंदी झाल्या की आधीच्यांनी का दिलं नाही, असा प्रश्न येतोच.

म्हणून आधी स्वतःचा रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. बंद केलेलं कार्ड चालू दिसतंय का, फेडलेलं कर्ज 'सेटल्ड' (म्हणजे कमी रकमेत तडजोड करून मिटवलेलं) लागलंय का, ते पाहून दुरुस्ती करून घ्या. मग बँकांच्या स्वतःच्या साइटवरचे दर वाचा. त्यासाठी नंबर लागत नाही. पत्ता हाताने टाइप करा, जाहिरातीच्या लिंकवरून जाऊ नका. बँकांचे पत्ते आता डॉट बँक डॉट इन असे संपतात, ती खूण उपयोगी पडते.

त्यानंतर रक्कम, मुदत, पगार, स्कोअर आणि फ्लॅटची किंमत असा एकच मजकूर सगळ्या शाखांना ईमेल करा. अर्ज मात्र त्यातल्या दोनच ठिकाणी.

सदाफुली
दराच्या आकड्यावर थांबू नका. ४० लाख, २० वर्षं: ८.५० टक्क्यांना हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये, ८.२५ ला ३४,०८३. महिन्याला ६३० रुपये वाचले. पण ८.२५ वाल्याने १.२ लाखांचा एकरकमी विमा कर्जातच मिसळला तर हप्ता ३५,१०५ होतो, म्हणजे 'महाग' बँकेपेक्षा ३९२ रुपये जास्त. ऑनलाइन कोटेशनमध्ये हा विमा दिसत नाही, मंजुरीपत्रात उगवतो. तो घेणं सक्तीचं नाही. विम्याशिवाय दर किती, हे ईमेलवर लेखी मागा. विमा हवाच असेल तर साधी टर्म पॉलिसी (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा) वेगळी घ्या, कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी ती सोबत राहते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ (वैयक्तिक ग्राहकाच्या) कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे दर, खर्च आणि अटींचं एकत्र पत्रक, देणं बंधनकारक आहे. करारावर सही करण्याआधी ते मिळायला हवं आणि त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. दोन्ही बँकांची पत्रकं शेजारी ठेवून एपीआर, म्हणजे व्याज आणि खर्च मिळून पडणारा वार्षिक दर, ताडा. प्रोसेसिंग फी, त्यावरचा १८ टक्के जीएसटी, कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकनाचा खर्च जमेस धरला की खरं अंतर कळतं. महाराष्ट्रात तारण-दस्ताचं मुद्रांक शुल्क कर्जरकमेच्या ०.३ टक्के, म्हणजे ४० लाखांवर १२,००० रुपये. ते कुठेही गेलात तरी आहेच.

दर कशाला जोडलाय तेही विचारा. बँकेचं फ्लोटिंग (बदलत्या दराचं) कर्ज बाह्य निर्देशांकाला, बहुधा रिझर्व्ह बँक ठरवते त्या रेपो दराला, जोडलेलं असतं आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही. त्यांचा स्वतःच ठरवलेला मूळ दर, पीएलआर, असतो. रेपो उतरला तरी जुन्या ग्राहकाचा दर तिथेच अडकून बसतो तो यामुळे.

निगडीकर
एका एजंटने व्हॉट्सॲपवर 'मंजुरीपत्र' पाठवलंय आणि लॉगिन फी यूपीआयने मागतोय. अर्ज अजून केलेला नाही.

कागद_आधी
पैसे देऊ नका. अर्ज, पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट यांशिवाय खरी मंजुरी निघत नाही. लॉगिन फी, म्हणजे अर्ज दाखल करून घेण्याचं शुल्क, काही ठिकाणी घेतात, पण ती संस्थेच्या नावच्या खात्यात जाते आणि पावती मिळते. यूपीआयवर व्यक्तीचं नाव दिसलं की तिथेच थांबा. पत्रावरचा नंबर न लावता बँकेच्या साइटवरून शाखेचा नंबर घ्या आणि अर्ज क्रमांक विचारा.

ॲप वापरणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या साइटवरच्या डिजिटल लेंडिंग ॲपच्या यादीत त्याचं नाव शोधा. कॉन्टॅक्ट, कॉल लॉग किंवा गॅलरी मागणारं कर्जाचं ॲप नियम मोडतंय; केवायसीपुरता एकदा कॅमेरा आणि लोकेशन चालतं. आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड प्रत (फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी) द्या, आणि प्रत्येक झेरॉक्सवर कोणत्या बँकेसाठी, कोणत्या तारखेला दिली ते आडवं लिहा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.