शब्दचर्चा: ‘लसीची पॉवर उतरली’ म्हणजे नक्की काय उतरलं?

खानापूरकर
आशाताई आणि अंगणवाडी सेविकांसाठी मराठी पत्रक करायचं आहे. विषय: श्वसनमार्गातून पसरणाऱ्या विषाणूंवरच्या लसी. मूळ मजकूर कन्नड. त्यात एक वाक्य आहे: ‘लसिके’ घेतल्यावर काही महिन्यांनी ‘प्रतिकाय’ कमी होतात, ‘नेनपिन जीवकोश’ मात्र राहतात. कच्च्या मसुद्यात ते असं आलंय: ‘लसीची पॉवर सहा महिन्यांत उतरते, पण आठवणीचे कोश राहतात.’ आपल्याकडे बोलताना ‘पॉवर उतरली’ असंच म्हणतात, म्हणून ठेवलं. चालेल का?

टिळकवाडी
‘कोश’ काढाच. मराठीत कोश म्हणजे शब्दकोश, नाहीतर रेशीमकिड्याचं घर. हिंदी फलकांवरची ‘कोशिका’ही नको. ‘पेशी’ लिहा, आणि जोडशब्द ‘स्मृतिपेशी’. समासात ‘ति’ ऱ्हस्व. ‘प्रतिकाय’ला मराठीत ‘प्रतिपिंड’ आहे, काही पुस्तकांत ‘प्रतिद्रव्य’. पत्रकात मात्र सरळ ‘अँटिबॉडी’ बरं, कोविडनंतर तो शब्द घरोघरी गेलाय. एक सावधगिरी: कन्नडमधली ‘रोगनिरोधक शक्ती’ जशीच्या तशी उचलू नका. मराठीत ‘निरोध’ वाचला की बैठकीत बाया तोंडाला पदर लावतील. ‘रोगप्रतिकारशक्ती’ लिहा.

खरी अडचण ‘उतरते’ची आहे. ताप उतरतो, विष उतरतं, दारू उतरते. मागे काही उरत नाही, असा त्याचा अर्थ. इथं तसं होतं का?

सूक्ष्मदर्शक
नाही होत. म्हणून ते वाक्य भाषेनंही चुकतं आणि शास्त्रानंही. ‘पॉवर’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

पहिली, रक्तातल्या अँटिबॉडी. दुसऱ्या डोसनंतर दोन ते चार आठवड्यांत त्यांची पातळी शिखरावर जाते आणि मग खाली येते. यात बिघाड काही नाही. त्या बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींपैकी बहुतेक अल्पायुषी असतात, काही आठवड्यांत मरतात. थोड्या हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि तिथून वर्षानुवर्षं थोडा थोडा पुरवठा चालू ठेवतात. हिशेब करून बघा: रक्तातल्या आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडीचं अर्धायुष्य, म्हणजे निम्म्या उरायला लागणारा काळ, सुमारे 21 दिवस. उत्पादन पूर्ण थांबलं तर 84 दिवसांत सोळावा हिस्सा उरेल आणि वर्षभरात जवळपास काहीच नाही. तरीही वर्षांनंतर अँटिबॉडी सापडतात, म्हणजे कुठंतरी त्या अजून बनतायत.

दुसरी, स्मृतिपेशी, म्हणजे बी पेशींमधल्या (बी आणि टी या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती). या स्वतः अँटिबॉडी सोडत नाहीत, रक्तात आणि लसीका गाठींत (काखेत, मानेत असतात त्या लिम्फ नोड) नुसत्या थांबून असतात. तोच विषाणू परत भेटला की भराभर विभागतात आणि त्यांच्यातून नव्या प्लाझ्मा पेशी तयार होतात. पहिल्या वेळी ज्या कामाला एक ते दोन आठवडे लागले ते आता तीन ते पाच दिवसांत होतं. तिसरी, टी पेशींची स्मृती. त्या विषाणू लागलेल्या पेशीच मारतात किंवा बी पेशींना मदत करतात. विषाणूचे जे तुकडे त्या ओळखतात त्यातले बरेच नव्या प्रकारातही बदललेले नसतात.

कमी होतं ते मुख्यतः पहिलं. म्हणून ‘लसीची पॉवर’ हा कर्ताच बदला. ‘रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी ओसरते’ असं लिहा.

टिळकवाडी
‘ओसरते’ चपखल. पूर ओसरला तरी मलप्रभा वाहतेच.

निपाणीकर
मग स्मृती शाबूत असताना दोन-दोन डोस घेतलेल्यांना कोविड झालाच कसा? लोक पत्रक हातात घेऊन हेच विचारणार. आणि गोवराच्या लसीला दरवर्षीचं लचांड का नाही?

सूक्ष्मदर्शक
उत्तर घड्याळात आहे. गोवराचा विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण 10 ते 14 दिवस जातात. स्मृतिपेशींना तीन-पाच दिवस पुरतात, त्यामुळे त्या शर्यत जिंकतात. ओमायक्रॉनला लक्षणांपर्यंत सुमारे तीन दिवस, फ्लूला दोनच्या आसपास. तेव्हा ताप-सर्दी आधी येते, स्मृती मागून पोचते. पण न्यूमोनिया व्हायला आणखी आठवडाभर लागतो, तिथं ती वेळेत असते. म्हणून लागण टळली नाही तरी ऑक्सिजन लागण्याची पाळी बरीच कमी येते.

दुसरं कारण जागेचं. दंडाच्या स्नायूत दिलेल्या लसीनं रक्तात अँटिबॉडी भरपूर होतात, पण नाक-घशाच्या अस्तरावर लागणाऱ्या आयजीए प्रकारच्या अँटिबॉडी तुटपुंज्या राहतात. उंबऱ्यावर पहारा पातळ. नाकातून देण्याच्या लसींचा खटाटोप त्यासाठीच. भारतात 2022 मध्ये इन्कोव्हॅकला मंजुरी मिळाली ती याच प्रकारची. आणि फ्लूचा विषाणू आपलं बाहेरचं रूप सतत बदलतो. तिथं स्मृती असते, पण जुन्या रूपाची.

स्मृती किती टिकू शकते याचा एक जुना पुरावा: 1846 मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली तेव्हा पानुम या डॅनिश डॉक्टरनं नोंदवलं की 1781 च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना तो परत झाला नाही. मधल्या 65 वर्षांत बेटांवर गोवर नव्हताच. ही आजारानंतरची स्मृती, लसीची नव्हे, हे पत्रकात वेगळं ठेवा. नाहीतर कुणीतरी ‘मग गोवर होऊनच जाऊ दे की’ म्हणेल. उलट गोवर हा आजार इतर रोगांची आधीची स्मृती पुसतो: 2019 च्या अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांच्या अँटिबॉडीच्या साठ्यातला 11 ते 73 टक्के भाग गोवरानंतर गेलेला आढळला. लसीनं तसं होत नाही.

चिकोडीकर
‘लसीका गाठी’ हा शब्द पत्रकात टाकताना जपून. इथं निम्म्या बायका कन्नड शाळेतल्या. ‘लसिके’ म्हणजे त्यांना लस. ‘लसीका गाठ’ वाचून लसीमुळे आलेली गाठ असा अर्थ लावतील.

मूळ मात्र एकच आहे. संस्कृतात लसीका म्हणजे शरीरातला पातळ पाझर. मराठीतही फोडातून, जखमेतून ‘लस येते’ म्हणतो. देवीची लस हा असाच फोडातला पाझर होता, आधी माणसाच्या आणि मग वासराच्या. इंग्रजीतही त्याला ‘काफ लिम्फ’च म्हणत. बेळगावच्या टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आज मैदान आणि झाडी म्हणून माहीत आहे. देवीची लस तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक तिथं होती. म्हातारी माणसं लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणायची ती त्याच काळातली. कन्नडनं ‘लसिके’ औषधाला ठेवला, मराठीनं ‘लस’ औषधाला आणि ‘लसीका’ शरीरातल्या द्रवाला. गोंधळ फक्त मराठी-कन्नड सीमेवर होतो.

सूक्ष्मदर्शक
गंमत अशी की त्या बायकांचा चुकीचा अर्थही थोडासा खरा ठरतो. दंडात लस दिल्यावर त्याच बाजूच्या काखेत कधीकधी दुखरी गाठ येते. ती फुगलेली लसीका गाठच. लसीतला अंश तिथं पोचतो, बी पेशी विभागतात, विभागताना त्यांच्या जनुकांत बारीक बदल होतात, आणि विषाणूला जास्त घट्ट धरणाऱ्या तेवढ्या निवडल्या जातात. स्मृती घडते ती इथं. हे काम आठवडे, कधी महिनेही चालतं. म्हणून दुसरा डोस फार घाईनं दिला तर फायदा कमी. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर 2021 मध्ये आधी 4 ते 6 आठवडे होतं, मार्चमध्ये 6 ते 8 झालं, मे मध्ये 12 ते 16. लोकांना वाटलं साठा नाही म्हणून लांबवतायत. तुटवडा होताच, पण चाचण्यांत जास्त अंतरानं अँटिबॉडी जास्त मिळाल्या होत्या, हेही खरं.

पत्रकात ‘काखेतली गाठ’ लिहा, पुरे. काही आठवड्यांत जिरली नाही तर दाखवायला सांगा.

निपाणीकर
लॅबच्या रिपोर्टबद्दलही एक ओळ हवी. ‘अँटिबॉडी निगेटिव्ह, लस वाया’ असं सर्रास बोललं जातं.

सूक्ष्मदर्शक
आधी विचारा कुठली अँटिबॉडी तपासली. कोविशील्डमुळे शरीरात विषाणूचं फक्त बाहेरचं स्पाइक प्रथिन तयार होतं. न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची टेस्ट केली तर, कोविड झालेला नसल्यास, ती निगेटिव्हच येणार. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा मारलेला विषाणू असल्यानं तिथं दोन्ही येऊ शकतात. शिवाय दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या. आणि स्मृतिपेशी या टेस्टमध्ये दिसतच नाहीत.

खानापूरकर
वाक्य असं केलंय: ‘लस घेतल्यावर काही महिन्यांनी रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी ओसरते, पण विषाणू ओळखणाऱ्या स्मृतिपेशी शरीरात राहतात.’ आता तायी कार्डाजवळ (आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड) लावायच्या तक्त्यात एमआर (गोवर-रुबेला) लसीच्या दोन डोसांपैकी दुसऱ्याला ‘बूस्टर’ लिहिलंय. ‘वर्धक मात्रा’ करू?

टिळकवाडी
‘वर्धक मात्रा’ कुणी बोलत नाही. बूस्टरच राहू द्या.

सूक्ष्मदर्शक
दोन्ही नको, ‘दुसरा डोस’ लिहा. बूस्टर म्हणजे तयार स्मृतीला उजाळा. एमआरचा दुसरा डोस मुख्यतः त्यासाठी नाही. नवव्या महिन्यात पहिला डोस दिला की सुमारे 85 टक्के बाळांतच गोवराविरुद्ध संरक्षण तयार होतं. आईकडून आलेल्या अँटिबॉडी काहींच्या अंगात अजून असतात आणि त्या लसीतल्या सौम्य केलेल्या जिवंत विषाणूला वाढूच देत नाहीत. उरलेल्यांची स्मृती कोरीच असते, आणि ती बाळं कोणती हे बघून कळत नाही. म्हणून 16 ते 24 महिन्यांत सगळ्यांना परत. ‘बूस्टर’ लिहिलं की आई समजते, पहिला झालाय, हा वरचा आहे, राहिला तरी चालेल.

तक्त्यात त्याखालीच सेविकांसाठी लिहा: 0.5 मिली, उजव्या दंडात, कातडीखाली. सोबतचं द्रावणही वापरण्याआधी 2 ते 8 अंशांत थंड केलेलं हवं, आणि मिसळलेली कुपी चार तासांनी टाकून द्यायची. उन्हात बाहेर राहिलेल्या कुपीतला विषाणू मेलेला असतो. सुई टोचली जाते, कार्डावर खूण होते, स्मृती होत नाही. दुसरा डोस 24 महिन्यांपर्यंत चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो, तेही घाला.