रीयुनियनच्या फोटोंत न आलेलं

डिसेंबरातल्या त्या शनिवार-रविवारी आपण सगळे सीओईपीत, पुण्याच्या आपल्या इंजिनियरिंग कॉलेजात, जमलो, त्याला तीन आठवडे झाले. फोटो सगळ्यांनी पाहिले: फेटे, केक, मेन बिल्डिंगसमोरचा ग्रुप. मेन बिल्डिंगची कोनशिला १८६५ ची, ती पुढच्या वेळीही तिथेच असेल. मला वाचायचंय ते फोटोत न आलेलं. कुणाला भेटायला आला होतात? कोण भेटलं, काय राहून गेलं? दोन ओळी लिहा, पानभर लिहा, पण लिहा. आधी मीच लिहिते.

मेकॅनिकल, १९८४

आमच्या वर्गात मुली दोनच, मी आणि ती. पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये एमएसचा (माइल्ड स्टीलचा) तुकडा, म्हणजे आमचा 'जॉब', कानशीने घासून काटकोनात आणायचा असायचा. गुण्या लावायचा, खिडकीकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. तळहाताला फोड यायचे. दोघींचं ठरलेलं होतं, जॉब तपासायला एकत्रच न्यायचे. एकीने पुढे जायचं नाही.

शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये शिरलो. तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास अगदी तोच. तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला तिचा जॉब काढला. इतक्या बदल्या, इतकी घरं, तरी ४४ वर्षं जपलेला! मी तो हातात घेतला आणि सवयीने उजेडाकडे धरला. कोपऱ्यात पंचने ठोकलेला रोल नंबर दिसला. तो माझा होता. तपासून परत घेताना अदलाबदल झाली असणार.

वाइसशेजारी दोघी कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिलो. फोटो काढायचं सुचलंच नाही.

बोट क्लब, १९९१

मी आमच्या फोरचा, म्हणजे चार वल्ह्यांच्या बोटीचा, कॉक्स: न वल्हवता सुकाणू धरून हाका देणारा. आमचा स्ट्रोक, म्हणजे लय धरणारा वल्हेकरी, २०२१ च्या मे महिन्यात कोविडने गेला. उरलेले तिघे आणि मी रविवारी सकाळी साडेसहाला नदीवर पोचलो. धुकं होतं, काठाला जलपर्णी. बोट क्लब १९२८ चा. आताची मुलं आमच्या आधीच पाण्यात होती. त्यांनी आम्हाला लाइफ जॅकेट बांधून दिली आणि सेकंड इयरचा एक मुलगा स्ट्रोकच्या जागी बसला.

ज्यांनी रोइंग केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सगळी बोट स्ट्रोकच्या लयीवर चालते आणि कॉक्सच्या समोर, हातभर अंतरावर, फक्त त्याचाच चेहरा असतो. मागचे तिघे त्याच्याआड. रेगाटाच्या, म्हणजे बोट क्लबच्या वार्षिक सोहळ्याच्या, आधी महिना-महिना रोज पहाटे मी तो एकच चेहरा बघत होतो. घामाने चष्मा घसरला की तो नाक उडवून वर सरकवायचा, कारण हात वल्ह्यावर.

रविवारी लय सुटायला लागली तेव्हा हाक दिली, ती त्याच्याच नावाने गेली. मागच्या तिघांनीही ऐकली. माझ्या पोटात गोळा आला. त्या मुलाने इकडेतिकडे बघितलं नाही; त्या नावाला ओ दिली आणि वल्हं मारत राहिला. त्यानंतर बोट सरळ गेली.

वहिनींना हे मी अजून सांगितलेलं नाही. त्या इथलं वाचतात, म्हणून इथे लिहितोय.

कॉम्प्युटर, १९९९ (ह्यूस्टनहून)

यायला जमलं नाही. तुम्ही लॅपटॉप हॉलमध्ये टेबलावर ठेवलात आणि जेवायला गेलात. इथे रात्रीचा दीड वाजला होता. मी कॉल बंद केला नाही. रिकाम्या खुर्च्या, पंखा, आणि मध्येच शिवाजीनगरकडून जाणाऱ्या गाडीचा भोंगा. तेवढ्यासाठी जागलो, त्याचं सार्थक झालं.

सिव्हिल

वर्ष मुद्दाम लिहिलेलं नाही. ९२ ला आलो, वायडी (इयर डाऊन) लागला, एक वर्ष गेलं, पास झालो ९७ ला. ज्यांच्याबरोबर आलो त्यांच्या ग्रुपमध्ये मी नाही, ज्यांच्याबरोबर पास झालो त्यांच्यात 'सिनियर'. म्हणून आजवरची सगळी बोलावणी टाळली. वडील गेल्याच्याच आठवड्यात परीक्षा होती, हे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. यंदा नावनोंदणीच्या टेबलावर नाव सांगितलं, तर मागून दोन बॅचची माणसं मला आपल्याकडे ओढायला लागली. दोन्ही बिल्ले लावून फिरलो. दोन्ही ठेवलेत.

आयोजकांपैकी कुणीतरी

मेसच्या जुन्या काकांना बोलवायचं राहून गेलं. कारणं सांगत नाही. आमच्याकडून चूक झाली. त्यांच्या गावी पुढच्या रविवारी जातोय, गाडीत तीन जागा आहेत.

थर्ड इयर, व्हॉलंटियर

मी बाहेरचा, पण लिहू का? एका काकांनी विचारलं, 'अजून जीटी मारता का रे?' जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मित्राची ड्रॉइंग शीट काचेवर ठेवून उतरवणं. म्हटलं, 'कॅड आलं तरी शीट असतेच, सर.' मग त्यांनी टेबलावरच दाखवलं: दोन स्टुलांवर काच, खाली टेबल लॅम्प, वर मित्राची शीट, त्यावर आपली. लॅम्प फार जवळ ठेवला की काच तडकते, हे त्यांनी तीनदा बजावलं. रात्री रूमवर करून बघितलं. काच तडकली नाही.

मेकॅनिकल, १९८४ (दुसरी)

अगं, म्हणजे माझा तुझ्याकडे असणार. तुझ्या माहेरी माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत जर्नलं ठेवली होतीस ना, तिथे बघ. मार्चमध्ये रेगाटाला येशील तेव्हा घेऊन ये. तुझा मी परत देणार नाही मात्र.