नॉर्मंडीला आपण नको तेवढं मोठं करतो का?

खंदक:
६ जून १९४४ रोजी दुसऱ्या महायुद्धात इंग्लिश खाडी ओलांडून दोस्त राष्ट्रांचे दीड लाखांवर सैनिक एका दिवसात फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात उतरले. त्यांच्या शौर्याबद्दल दुमत नाहीच. पण 'युद्धाचं पारडं इथे फिरलं' हे मला पटत नाही. ते आधीच सोव्हिएत संघात, स्टालिनग्राडच्या आणि कुर्स्कच्या लढायांत फिरलं होतं. नॉर्मंडीनंतर सोळा दिवसांनी सोव्हिएत फौजांनी बेलारूसमध्ये 'बाग्रातिओन' मोहीम काढली आणि जर्मनांचा मध्य सेनासमूह मोडून टाकला. हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

गलबत:
असहमत. पश्चिमेकडून दुसरी आघाडी उघडा म्हणून स्टालिनच हट्ट धरून बसला होता, १९४३ अखेरीस तेहरानच्या बैठकीतसुद्धा. बाग्रातिओनच्या वेळी जर्मन फौजा फ्रान्समध्ये अडकल्या होत्या, त्यामुळे पूर्वेला कुमक पाठवणं अवघड झालं.
शिवाय समुद्रातून उतरणं हे प्रकरणच वेगळं. ऑगस्ट १९४२ मध्ये फ्रान्सच्या दिएप बंदरावर सुमारे सहा हजार जण धाडले. दुपारपर्यंत माघार, एकट्या कॅनडाचे ९०० हून अधिक मेले. तटबंदी असलेलं बंदर समोरून घेता येत नाही हे कळलं, म्हणून बंदरच सोबत न्यायचं ठरलं. पाच-सहा मजली इमारतीएवढ्या काँक्रीटच्या पोकळ पेट्या टगबोटींनी ओढत नेल्या आणि किनाऱ्यासमोर बुडवल्या. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या आरोमांशला त्यातल्या काही आजही दिसतात. अशी रसदीची तयारी मला तरी दुसरीकडे दिसत नाही.

खंदक:
अशी बंदरं दोन होती. अमेरिकन उतरले त्या ओमाहा किनाऱ्याचं १९ जूनला सुरू झालेल्या वादळात मोडलं. मग अमेरिकनांनी सपाट तळाची जहाजं सरळ वाळूवर चढवली, ओहोटी लागली की माल उतरवला, आणि काम अडलं नाही. म्हणजे बंदराशिवायही भागलंच की!

ओलीवाळू:
तुम्ही दोघंही नकाशावरून बोलताय. ओमाहासमोर एका बटालियनने कॅनव्हासचा पडदा लावलेले २९ तरंगते रणगाडे खवळलेल्या समुद्रात सोडले. पडदा जेमतेम शांत पाण्यात टिकेल असा. २७ बुडाले. ज्या पायदळाला त्यांचा आडोसा मिळायचा, ते उघड्यावर गोळ्या झेलत राहिलं.
आणि कां शहर? पहिल्याच दिवशी घ्यायचं ठरलं होतं, लागला महिन्याहून जास्त वेळ. बाँबफेकीत ते जमीनदोस्त झालं. नॉर्मंडीत सुमारे २० हजार फ्रेंच नागरिक गेले, त्यातले बरेचसे दोस्तांच्याच बाँबांनी. या मोहिमेच्या महत्त्वाची चर्चा करताना ही माणसं कुणाच्या हिशेबात धरायची?

गलबत:
ओलीवाळू, कांबद्दल तुमच्याशी वाद नाही. ते मी लिहायला हवं होतं.
खंदक, यश काही ठरलेलं नव्हतं. हवामानामुळे हल्ला एक दिवस पुढे ढकलावा लागला. अपयश आलं तर दोष आपला एकट्याचा, अशी चिठ्ठी मोहिमेचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी आधीच लिहून ठेवली होती. समजा फसलं असतं. लाल सेना कदाचित बर्लिनला पोचलीही असती, पण मग जर्मनीतल्या ज्या एल्बे नदीवर ती दोस्तांना भेटली, तिथे थांबली असती का?

खंदक:
नसती थांबली, हे मान्य. पॅरिस २५ ऑगस्टला मोकळं झालं आणि पश्चिम युरोप वेगळ्या वाटेने गेला, त्याचं श्रेय नॉर्मंडीचंच. पण जर्मन सैन्याचं कंबरडं कुणी मोडलं, हा माझा मूळ प्रश्न. सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं त्या युद्धात गेली. त्यावर मी अजून तिथेच आहे.