फॉरेस्ट हिल्स गार्डन्सला गेलात तेव्हा काय पाहिलंत?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या या वसाहतीचं काम रसेल सेज फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने १९०९ मध्ये सुरू केलं. आखणी उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे) यांची, वास्तुरचना ग्रोव्हनर ॲटरबरीची. जुन्या इंग्लिश खेड्याची आठवण देणारी ट्यूडर धाटणीची घरं, लाल कौलं, वळणावळणाचे रस्ते. पानगळीत मी दरवर्षी जाते आणि दरवेळी रेंगाळते. तुमच्या मनात काय राहिलं? सविस्तर लिहा.

*

आम्ही जॅक्सन हाइट्सला वाणसामान आणायला जातो. तिथून 'ई' मेट्रोने फॉरेस्ट हिल्स हे पुढचंच एक्सप्रेस स्टेशन. ऑस्टिन स्ट्रीटची गर्दी मागे टाकून रेल्वेपुलाखालून पलीकडे गेलं की विटांचा चौक लागतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथे खरंच कुणी राहतं का?" तेवढ्यात एक आजोबा पायरीवर बसून बुटाला चिकटलेला चिखल काडीने काढताना दिसले. सासूबाईंनी त्यांना नमस्कारच केला!

*

मी स्थापत्य अभियंता. घरं शेकडो वर्षांची वाटतात, पण ॲटरबरीने इथल्या काही घरांच्या भिंती आधी काँक्रीटमध्ये ओतून घेतल्या आणि क्रेनने उचलून बसवल्या. म्हणजे आपण ज्याला प्रीकास्ट म्हणतो तेच, शंभर वर्षांपूर्वी! ते कळल्यावर मी पदपथावरून एकेक भिंत निरखत अख्खी दुपार काढली.

*

रस्ते खासगी आहेत, गाडी नेऊ नका. आणि एक बोलायलाच हवं: बेताच्या मिळकतीच्या लोकांनाही चांगलं घर मिळावं, हा मूळ हेतू होता. आज आम्हा दोघांच्या पगारात तिथलं घर परवडत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

*

बाबा पुण्याहून आले होते. घरांकडे त्यांचं लक्षच नव्हतं, त्यांना इथल्या वेस्ट साइड टेनिस क्लबचं स्टेडियम बघायचं होतं. ते १९२३ चं. १९७७ पर्यंत यूएस ओपन याच क्लबात व्हायची. १९७४ मध्ये विजय अमृतराजने स्वीडनच्या ब्योर्न बोर्गला हरवलं ते इथेच. ती बातमी बाबांनी पेपरात वाचली होती. फाटक बंद होतं. मी म्हटलं, "बाबा, चला, थंडी वाढतेय." ते जाळीला बोटं धरून उभेच. थोड्या वेळाने म्हणाले, "तेव्हा इथे हिरवळीवर खेळायचे रे." परतताना स्टेशनच्या पायऱ्यांवरून ते पुन्हा वळून बघत होते.