स्तंभालेखावरून सरासरी काढताना नेमकं कशाला कशाने भागायचं?

परळची_आई:
मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्लिश, उद्या युनिट टेस्ट. वर्कबुकमध्ये स्तंभालेख दिलाय, वर्गातल्या मुलांनी सुट्टीत किती पुस्तकं वाचली त्याचा. आडव्या अक्षावर ०, १, २, ३, ४ आणि त्यावरच्या स्तंभांची उंची ३, ६, १०, ७, ४. हिने उंच्यांची बेरीज केली ३०, स्तंभ ५ म्हणून भागिले ५, सरासरी ६. मागे उत्तर २.१ दिलंय. आधीच्या गणितात जून ते सप्टेंबरच्या पावसाचे चार स्तंभ होते तिथे हीच रीत बरोबर आली, मग इथे का नाही? मला समजावताच येत नाहीये.

डोंबिवलीकर_गणित:
ताई, एकाही मुलाने ४ च्या वर पुस्तकं वाचली नाहीत, मग सरासरी ६ येईलच कशी? सरासरी कधीच सगळ्यात मोठ्या प्राप्तांकाच्या वर जात नाही, एवढं तिला पक्कं सांगा, पेपरात खूप मार्क वाचतात. पावसाच्या आलेखात उंची म्हणजेच पाऊस होता आणि सरासरीही पावसाचीच हवी होती. इथे उंची म्हणजे मुलं, पुस्तकं खाली अक्षावर आहेत. म्हणजे २ वरचा स्तंभ १० उंच, तर १० मुलांची दोन-दोन मिळून २० पुस्तकं. असं प्रत्येक स्तंभाचं करायचं, ० + ६ + २० + २१ + १६ = ६३ पुस्तकं, मुलं ३०, ६३ ÷ ३० = २.१.

परळची_आई:
कळलं आता, थँक्यू! पण ती विचारतेय ० वाली ३ मुलं सोडायची का, त्यांनी तर काहीच वाचलं नाही.

डोंबिवलीकर_गणित:
अजिबात नाही. बेरजेत त्यांचं शून्य, पण मुलं मोजताना ती आहेतच. २७ ने भागलं तर २.३३ येईल, ती फक्त वाचणाऱ्यांची सरासरी झाली, प्रश्न सगळ्या वर्गाचा आहे.

सांताक्रूझ_ईस्ट:
पावसासारखा आलेख असेल तर चौकटीच्या कागदावर उंच स्तंभाचे वरचे तुकडे कापून बुटक्यांवर ठेवायला सांगा, सगळे सारखे झाले की ती उंची म्हणजेच सरासरी, मुलांना हे पटकन पटतं. आणि अजून एक दाखवा तिला. २६ जुलै २००५ ला आमच्या सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३ च्या आसपास, दोन्हींची सरासरी साधारण ५०८, आणि तेवढा पाऊस दोन्हीपैकी कुठेच पडला नव्हता. दोन स्तंभ काढून ५०८ वर आडवी रेघ मारा, एक केवढा वर जातो आणि दुसरा किती खाली राहतो ते तिचं तिलाच दिसेल.