आईची दुसरी मात्रा आणि गरोदर वहिनी: लसीविषयी काही शंका

प्रश्न (शिरोडा, ९ जुलै २०२१)

माझ्या आईचे वय ६८ असून तिला मधुमेह व रक्तदाब आहे, आणि हृदयाच्या त्रासामुळे ती रोज ॲस्पिरिनची गोळी घेते. तिने २० एप्रिल रोजी कोव्हिशील्डची पहिली मात्रा घेतली. त्यानंतर बाराव्या दिवशी, म्हणजे २ मे रोजी, तिला ताप आला आणि चाचणीत कोविड निघाला. घरीच उपचार घेऊन २० मेपर्यंत ती पूर्ण बरी झाली. आता ती म्हणते, "लस घेतली म्हणूनच मी आजारी पडले, आणि एकदा आजार होऊन गेल्यावर दुसरी लस कशाला?" तिला काय सांगावे, आणि दुसरी मात्रा नेमकी कधी द्यावी? शिवाय माझी वहिनी पाच महिन्यांची गरोदर आहे. तिने लस घ्यावी की प्रसूतीपर्यंत थांबावे, यावर घरात एकमत होत नाही. चतुर्थीला मुंबईहून सगळे येणार असल्यामुळे मला अधिकच काळजी वाटते.

उत्तर १ (म्हापसा)

कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमध्ये १२ ते १६ आठवड्यांचे अंतर ठेवावे, असे १३ मेपासून ठरले आहे. आपल्या आईचे ८४ दिवस १३ जुलै रोजी पूर्ण होतात. तेव्हा त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी, असे मला वाटते. जाताना पहिल्या वेळी दाखवलेले ओळखपत्र आणि नोंदणीचा तोच मोबाइल क्रमांक सोबत असू द्यावा, म्हणजे अंतिम प्रमाणपत्रात दोन्ही मात्रा एकत्र दिसतात.

उत्तर २ (डिचोली, निवृत्त परिचारिका)

वरील हिशेब मधल्या काळात कोविड न झालेल्या माणसासाठी बरोबर आहे, परंतु ताई, आपल्या आईला तो लागू होत नाही. पहिल्या मात्रेनंतर कोविड झाला असेल तर दुसरी मात्रा पूर्ण बरे झाल्यापासून तीन महिन्यांनी घ्यावी, ही राष्ट्रीय तज्ज्ञगटाची शिफारस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ मे रोजी स्वीकारली आहे. म्हणजे आईची तारीख २० ऑगस्टच्या पुढे जाते. तोपर्यंत १६ आठवडे उलटून जातील, पण त्याने पहिली मात्रा वाया जात नाही आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही.

आईची पहिली शंका मात्र मनापासून दूर करावी, कारण अशा समजुतीमुळे केंद्रापर्यंत येऊन परत फिरलेली वयस्कर माणसे मी स्वतः पाहिली आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते. कोव्हिशील्डमध्ये कोविडचा विषाणू नसतोच. चिंपांझीला सर्दी करणारा एक विषाणू शरीरात वाढू शकणार नाही अशा रीतीने बदलून, त्याच्याकरवी कोविडच्या विषाणूवरील काट्यांची केवळ माहिती आपल्या पेशींना दिली जाते; म्हणून या लसीने कोविड होणे शक्य नाही. संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि आईला संसर्ग झाला तो त्या मधल्या काळात, तोही गोव्यात घरोघरी आजार शिरला होता त्या दिवसांत. आजारानंतर येणारी प्रतिकारशक्ती माणसागणिक कमी-जास्त असते, त्यामुळे मधुमेह असलेल्या ६८ वर्षांच्या बाईने तिच्यावर विसंबून दुसरी मात्रा टाळू नये.

ॲस्पिरिन, मधुमेहाची औषधे किंवा रक्तदाबाची गोळी यांपैकी काहीही लसीसाठी बंद करू नये. लस टोचणाऱ्यांना ॲस्पिरिनविषयी आधी सांगावे आणि टोचल्यावर ती जागा दोन-तीन मिनिटे घट्ट दाबून धरावी, चोळू नये. ताप येईल या भीतीने आधीच पॅरासिटामॉल देऊ नये. ताप आला, अंग दुखले तर नंतर द्यावी. टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच बसवावे. पुढच्या वीस दिवसांत धाप लागणे, छातीत दुखणे, पाय सुजणे, न थांबणारी डोकेदुखी किंवा टोचलेल्या जागेपासून दूर त्वचेवर बारीक लाल ठिपके दिसणे, असे काही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. हे क्वचितच घडते, पण ठाऊक असलेले बरे.

उत्तर ३ (मडगाव)

वहिनींविषयी लिहितो, कारण आमच्याही घरात हाच प्रश्न होता. गरोदर स्त्रियांना लस घेण्याची मुभा केंद्राने २ जुलै रोजी दिली आहे आणि ती कोणत्याही महिन्यात घेता येते. गरोदरपणात कोविड झाला तर आजार गंभीर होण्याची आणि बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याची शक्यता वाढते. प्रसूतीपर्यंत थांबणे म्हणजे नेमके तेच महिने संरक्षणावाचून काढणे होय. तरीही निर्णय वहिनींचा असावा. त्यांना घेऊन त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे, पूर्वी एखाद्या औषधाची तीव्र ॲलर्जी झाली असल्यास तेही सांगावे, आणि घरातील इतरांनी आपापल्या मात्रा आधी पूर्ण कराव्यात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी आभारी आहे. म्हापशाच्या सदस्यांनी सांगितल्याप्रमाणे आईला मी १३ तारखेलाच नेणार होते. आता दिनदर्शिकेवर २१ ऑगस्टला खूण केली आहे. दुसऱ्या मात्रेनंतर दोन आठवडे ४ सप्टेंबर रोजी होतात आणि चतुर्थी १० तारखेला आहे, म्हणजे माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधायला माणसे जमतील तोवर आईला संरक्षण मिळालेले असेल. मुंबईच्या काकांना मी आजच फोन करून त्यांच्या दोन्ही मात्रा झाल्या आहेत का, ते विचारते. वहिनी सोमवारी डॉक्टरांकडे जाणार आहे.

उत्तर ४ (डिचोली)

तोवर वहिनींनी आणि आईने गर्दीत मास्क सोडू नये. आईची साखर २१ ऑगस्टच्या आधी एकदा तपासून घ्यावी; आजारात स्टेरॉइड दिले असेल तर ती अद्याप वर-खाली होत असू शकते. पण केवळ साखर वाढली म्हणून लस पुढे ढकलू नका, डॉक्टरांना दाखवून औषध ठीक करून घ्या.