अर्थशास्त्राची पदवी: सहा लाखांचा हिशेब नेमका कसा मांडावा?

धनकवडीकर (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी यंदा वाणिज्य शाखेतून ८४ टक्के गुण मिळवून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला अर्थशास्त्रातच पदवी घ्यायची आहे. बी.कॉम. करून सीएच्या मागे लागावे असे घरातील थोरल्यांचे मत आहे, पण ती ऐकायला तयार नाही आणि तिच्यावर सक्ती करावी असे मलाही वाटत नाही. आमच्यापुढे सध्या दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे शहरातील एखाद्या अनुदानित महाविद्यालयात बी.ए. करणे. तिथले वर्षाचे शुल्क काही हजारांतच भागते. दुसरा म्हणजे एका खासगी विद्यापीठातील बी.एस्सी. अर्थशास्त्र. त्याचे शुल्क वर्षाला दोन लाख, म्हणजे तीन वर्षांचे सहा लाख होते आणि ते कर्ज काढूनच भरावे लागेल.

मी वहीत मांडलेला हिशेब असा: शुल्क सहा लाख, लॅपटॉप ५५ हजार, तीन वर्षांचे जेवणखाण, बसचा पास आणि वरखर्च मिळून अडीच लाख. एकूण नऊ लाखांच्या वर. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'सरासरी पॅकेज ६.२ लाख' असे ठळक छापले आहे. तसे असेल तर दीड वर्षात सगळे फिटेल, पण मनाला हे काही पटत नाही. माझे कुठे चुकते आहे, हे जाणकारांनी सांगावे.

हिशेबनीस

मी बँकेत बरीच वर्षे शैक्षणिक कर्जांची प्रकरणे पाहिली आहेत, म्हणून आधी खर्चाच्या बाजूबद्दल लिहितो.

जेवणखाण आणि वरखर्च या हिशेबातून काढून टाका. मुलगी घरीच राहणार असल्यामुळे ती बी.ए. करो, बी.एस्सी. करो की घरी बसो, दोन वेळचे जेवण लागणारच आहे. दोन्ही पर्यायांत जे सारखे आहे ते तुलनेत धरायचे नसते. याउलट तुमच्या वहीत एक खर्च अजिबात आलेला नाही. ती लगेच एखाद्या कार्यालयात महिना १५ हजारांवर लागली असती, तर तीन वर्षांत ५ लाख ४० हजार मिळवले असते. हे न मिळालेले उत्पन्नही शिक्षणाच्या किमतीतच मोडते, आणि गंमत म्हणजे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तिला नेमके हेच शिकवतील. मात्र ही रक्कमही दोन्ही पदव्यांना सारखीच लागू असल्याने 'शिकावे की नाही' हे ठरवताना ती धरा, 'कुठे शिकावे' हे ठरवताना नको.

आता कर्ज. दरवर्षी दोन लाख उचलले, व्याजदर १० टक्के धरला आणि शिक्षणाची तीन वर्षे अधिक एक वर्ष हप्ता भरला नाही, तर त्या काळात सरळव्याजाने १ लाख ८० हजार चढतात आणि परतफेड सुरू होते ती ७ लाख ८० हजारांवर. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता महिना १३ हजारांच्या जवळ जातो. म्हणजे खासगी पदवीमुळे मिळणारा पगार अनुदानित महाविद्यालयाच्या पदवीपेक्षा हातात किमान १३ हजारांनी जास्त असेल, तरच पहिल्या सात वर्षांत बरोबरी होते. हप्ता सुरू होईपर्यंत व्याज तरी भरत राहा, म्हणजे मुद्दल सहा लाखच राहील आणि हप्ता १० हजारांच्या आत येईल. प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच. तुम्ही नवी प्रणाली घेतली असेल तर तो विषय तिथेच संपला.

माहितीपत्रकातील सरासरीविषयी इतकेच सांगतो की नऊ जणांना ३ लाख २० हजार आणि एकाला १८ लाख मिळाले, तर सरासरी ४ लाख ६८ हजार येते आणि ती रक्कम दहांपैकी कोणाच्याही हातात पडलेली नसते. त्या विद्यापीठाला तीन प्रश्न लेखी विचारा: वर्गात एकूण किती विद्यार्थी होते, त्यांपैकी किती जणांनी नोकरीसाठी नाव नोंदवले, आणि सर्वांचे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार किती. शिवाय पॅकेजमध्ये कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा आणि 'कामगिरीनुसार' मिळणारी रक्कमही धरलेली असते. हप्ता मात्र हातात आलेल्या पगारातूनच जातो.

माजी विद्यार्थिनी

वरच्या उत्तरातील हिशेब अचूक आहे. पण काका, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. मुलीने अकरावीत गणित घेतले होते का?

हे विचारण्याचे कारण सांगते. मी पुण्यातच अनुदानित महाविद्यालयातून बी.ए. केले आणि नंतर एम.एस्सी.ला गेले. पहिल्या सत्रातील गणिती अर्थशास्त्राच्या पहिल्या चाचणीत मला ३० पैकी ४ गुण मिळाले. उपभोक्ता आपल्या मर्यादित उत्पन्नात समाधान कसे वाढवतो, हे मी तीन वर्षे परिच्छेद लिहून सांगत आले होते. तिथे तेच लाग्रांज गुणक (मर्यादा पाळून कमाल मूल्य काढण्याची गणिती पद्धत) वापरून सोडवायचे होते आणि मला अवकलनाची पहिली पायरीसुद्धा येत नव्हती. चार महिने इतर सगळे बाजूला ठेवून शाळेचे गणित पुन्हा केले, तेव्हा कुठे निभावले. आज मी एका सल्लागार संस्थेत श्रमबल सर्वेक्षणाच्या कच्च्या आकड्यांवर काम करते. एकाच कुटुंबाचे वय, मजुरी आणि कामाचे तास शेकडो रकान्यांतून जुळवायचे, न पटणाऱ्या नोंदी बाजूला काढायच्या, भारांक (एक नोंद किती लोकांच्या जागी धरायची तो आकडा) लावायचे आणि मग कुठे एक तक्ता उभा करायचा. पहिला पगार महिना ३४ हजार होता. मुलाखतीत माझ्या पदवीच्या महाविद्यालयाचे नावही निघाले नाही. एक फाइल देऊन 'यातून स्त्रियांचा कामातील सहभाग काढून दाखवा' इतकेच सांगितले होते.

अर्थशास्त्र शिकल्याने पगार खरोखर वाढतो, की मुळातच हुशार आणि सुस्थितीतली मुले तिकडे जातात म्हणून तसे दिसते, हा प्रश्न संशोधकांनाही पडलेला आहे. झॅकरी ब्लीमर आणि आशिष मेहता यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतील सांताक्रूझ येथील विद्यापीठ निवडले होते. तिथे अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमांत चारपैकी २.८ सरासरी गुणांकाची अट पूर्ण केली तरच अर्थशास्त्र मुख्य विषय म्हणून मिळत असे. त्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली राहिलेल्या, म्हणजे जवळजवळ सारख्याच कुवतीच्या विद्यार्थ्यांची तुलना केल्यावर असे दिसले की रेषा जेमतेम ओलांडून अर्थशास्त्र घेतलेल्यांची कमाई, त्यांनी दुसरा विषय घेतला असता तर झाली असती त्यापेक्षा, नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक होती. पण त्यातला जवळपास अर्धा भाग हे विद्यार्थी वित्त आणि तत्सम चांगला पगार देणाऱ्या क्षेत्रांकडे वळल्यामुळे होता. हा आकडा पुण्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. आपल्या बी.ए.धारकांना बाणेर-हिंजवडीच्या कंपन्या तशा नोकऱ्या थेट देत नाहीत. त्यासाठी वर पदव्युत्तर पदवी किंवा हातात संख्याशास्त्र असावे लागते.

सीएचबी मास्तर

मी तासिका तत्त्वावर बी.ए.च्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून घरचे उणे सांगण्याचा हक्क मला आहे असे मानतो. अप्पा बळवंत चौकातून परीक्षेच्या पंधरा दिवस आधी गाईड आणून आमच्या विषयात उत्तीर्ण होता येते, चांगल्या गुणांनीही होता येते. त्यामुळे स्वस्त पदवी ही मुलीने स्वतः अभ्यास केला तरच स्वस्त ठरते. एरवी तीन वर्षे फुकट गेली असे समजावे.

प्राध्यापकीचा विचार कमाईसाठी करू नये. नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही माझे तास आणि मानधन दर सत्राला नव्याने ठरते, आणि ते कधी हातात पडेल हे विचारण्यात अर्थ नसतो. सरकारी वाट मात्र जरूर ध्यानात ठेवावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते, वयाची मर्यादा सर्वसाधारण गटासाठी २१ ते ३० आहे आणि सुरुवातीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये आहे. जागा इतक्या थोड्या की २०२४ मध्ये सबंध देशात १८ होत्या. त्या भरवशावर कर्ज काढू नये. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागाची भरतीही पदव्युत्तर पदवीनंतरच होते.

या सगळ्याचा अर्थ मी असा लावतो की हातात सहा लाखांची कुवत असेल तर ती पहिल्या पदवीवर संपवू नये. बीएमसीसी रस्त्यावरची गोखले संस्था १९३० पासून आहे, दिल्ली-मुंबईतही चांगल्या संस्था आहेत. तिथल्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्र विचारतात, बी.ए. कुठून केले हे विचारत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचे चौथे वर्ष करून ऑनर्स घेतल्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचे होऊ शकते. ते गणितही एकदा मांडून पाहावे.

धनकवडीकर

सर्वांचे आभार. ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला जरा संकोच वाटतो. अकरावीत तिने गणित सोडून चिटणिसाची कार्यपद्धती घेतली, कारण 'गुण सहज मिळतात' असे क्लासमध्ये सांगितले गेले होते आणि मीही मान डोलावली होती. काल खासगी विद्यापीठात दूरध्वनी केला, तेव्हा बी.एस्सी.ला बारावीचे गणित हवे अशी अट निघाली. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर ती बारीक अक्षरात होतीच.

माजी विद्यार्थिनी

काका, मग सहा लाखांचा प्रश्न यंदापुरता सुटलाच. बी.ए.ला प्रवेश घ्या, दुय्यम विषय म्हणून संख्याशास्त्र मिळते का ते प्रवेशाच्या आधी विचारा, आणि अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके आजच आणा. फलन, अवकलन, निश्चयक आणि संभाव्यता या क्रमाने रोज दीड तास बसली तर पहिल्या वर्षाच्या अखेरीस ती माझ्यापेक्षा पुढे असेल. तेवढ्यात तिला गणित नकोसेच वाटले, तर तेही काही हजारांत कळलेले असेल.

धनकवडीकर

जुनी पुस्तके चौकातून १८० रुपयांत मिळाली. कोणीतरी पेन्सिलीने अर्धी उदाहरणे सोडवून ठेवली आहेत. ती खोडण्यातच पहिली संध्याकाळ गेली.